निंबाखालचा जपानी पाहुणा

आमच्या देवघराखालच्या कप्प्यात बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे. त्यात आता बिस्किटं नाहीत, नटबोल्ट आहेत. इंजिन एकदा खोलून परत बंद केलं की एखादा नट, एखादा वायसर हमखास उरतो. आमचा वामन मिस्त्री तो माझ्या हातावर ठेवायचा आणि म्हणायचा, "वहिनी, जपून ठेवा. कुठला आहे ते आठवलं की मागून घेईन." बारा वर्षांत त्याला एकही आठवला नाही! डबा मात्र काठोकाठ भरला.

किश्श्यांचंही तसंच झालं. दर दुरुस्तीतून एखादा उरत गेला. परवा दिवाळीच्या झाडलोटीत डबा हातातून निसटला, नट घरभर पळाले, आणि गुडघ्यावर बसून ते वेचता वेचता एकेक किस्सा समोर यायला लागला. म्हटलं, नट काही आता कुणी मागायला येणार नाही, किस्से तरी सांगून टाकावेत.

* * *

आम्ही धुळ्याचे, देवपुरातले. घरात मी, आमचे हे, दोन मुलं आणि माझ्या सासूबाई. त्यांना सगळी गल्ली अक्का म्हणायची, मीही अक्काच म्हणायचे.

आमचे हे नऊ वर्षं ट्रकवर होते. कलकत्ता लाइन! गेले की वीस-बावीस दिवसांनी यायचे, दोन दिवस झोपायचे आणि परत आपली निळी पत्र्याची पेटी उचलायचे. धाकटा मुलगा तर त्यांना बघून माझ्या पदरामागे लपायचा. तेव्हा यांनीच एक दिवस ठरवलं. एक जुनी गोल टपाची मोटार घ्यायची, तिचं थकलेलं पेट्रोल इंजिन काढायचं, जपानी गाडीचं डिझेल इंजिन बसवायचं, आणि धुळ्यातच टॅक्सी चालवायची. त्या वेळी मुंबईच्या भंगार बाजारात जपानी गाड्यांची जुनी इंजिनं मिळायची. आमचं कुठल्या कंपनीचं होतं ते लिहीत नाही. आम्हाला रडवलं ते त्याच्या म्हातारपणानं, त्यात त्या बिचाऱ्या कंपनीचा काय दोष!

हे मला एवढंच म्हणाले, "चाललं तर मी घरी. नाही चाललं तर पेटी आहेच."

मी त्याच दिवशी देवाजवळ सुपारी ठेवली.

इंजिन आलं ते यांच्याच ट्रकमधून, गोणपाटात गुंडाळून, भाताच्या पेंढ्यात निजवून. चौघांनी उतरवलं आणि ओसरीवर ठेवलं. वामन मिस्त्रीने गोणपाट सोडलं आणि त्याचा चेहरा असा उजळला, की जणू मुलगी बघायला गेलाय आणि मुलगी पसंत पडलीय! यांना म्हणाला, "दिगूभाऊ, चार सिलिंडर, अठराशे सीसी! लोखंडाचा ब्लॉक, वर अ‍ॅल्युमिनियमचं हेड. आत साखळीच्या जागी रबरी पट्टा. हलकं आहे, गुणी आहे." मग म्हणाला, "फक्त स्वभावाने तापट आहे. पाण्याला जपावं लागेल."

अक्का दारात उभ्या होत्या. त्या खेड्यातल्या, त्यांची बोली शेवटपर्यंत अहिराणीच राहिली.

"हाऊ कोठला शे?"

"जपानचा, अक्का," वामन म्हणाला.

"जी गाडीमातून काढा, ती गाडीनं काय व्हयनं?"

आता हे कुणाला माहीत! वामन खरं बोलून गेला, "ठोकली असेल कुठेतरी."

"मंग मना दारमा नको!" अक्का म्हणाल्या आणि आत निघून गेल्या.

म्हणून जपानहून आलेला पाहुणा अंगणातल्या निंबाखाली बसला. पुढे गाडीत बसवल्यावर गाडीही तिथेच उभी राहायची. आम्ही सगळे इंजिन म्हणायचो. अक्का फक्त 'तो' म्हणायच्या, आणि तेही तोंड फिरवून.

मी मात्र अक्का देवळात गेल्या तेव्हा गुपचूप भाकरीचा तुकडा आणि पाणी त्याच्यावरून ओवाळून टाकलं. एवढ्या लांबून आलेला!

* * *

इंजिनाबरोबर एक छोटं पुस्तक आलं होतं, सगळं जपानी अक्षरांत. मध्ये मध्ये आकृत्या. कुणाला एक अक्षर कळत नव्हतं, पण वामनने ते दोन्ही हातांनी घेतलं. "कंपनीचं मॅन्युअल! हे आहे म्हणजे सगळं आहे."

काम झालं की ते पुस्तक माझ्याकडे यायचं. ज्ञानाची वस्तू जमिनीवर कशी ठेवायची? मी ते देवघरात पोथ्यांशेजारी ठेवलं. दसऱ्याला हळदकुंकू, फूल. वामनला लागलं की तो हात धुवून यायचा, मी पुस्तक द्यायचे. मग तो बॉनेट उघडून, एक डोळा आकृतीवर आणि एक डोळा इंजिनावर ठेवून, तासन्‌तास काहीतरी घट्ट-सैल करत बसायचा. "हे दोन गोल आहेत ना वहिनी, हे नोझल. अन् ही बारीक लाइन डिझेलची."

दोन वर्षांनी कॉलेजातले एक फिजिक्सचे सर शेगावसाठी गाडी ठरवायला आले. देवाला नमस्कार करताना त्यांची नजर पुस्तकावर गेली. त्यांनी चाळलं, परत चाळलं.

"वहिनी, हे देवात का?"

मी सांगितलं, "इंजिनाचं मॅन्युअल आहे."

"नाही हो! हा गाडीतला रेडिओ आहे. हे त्याचे दोन कान, आवाजाचा आणि स्टेशनचा. आणि ही स्पीकरची वायर."

अंगणात वामन इंजिनाशी झटत होता. सरांनी त्यालाही सांगितलं. वामनने पुस्तक उलटसुलट करून बघितलं. मग एकदम म्हणाला,

"तरीच! दोन वर्षं झाली, आवाज काही कमी होईना!"

पुस्तक मी देवघरातून काढलं नाही. एकदा कुंकू लावलेलं, आता कुठे रेडिओ म्हणून हलवायचं!

* * *

तापट होतं हे मात्र अगदी खरं. मूळची गाडी पेट्रोलची, तिचा रेडिएटर आपला लहानसा. त्यात आमच्या खानदेशचा उन्हाळा! मे महिन्यात धुळ्याहून जळगावला जायचं म्हणजे यांना पारोळ्यापर्यंतचे, एरंडोलपर्यंतचे सगळे हापसे नावानिशी पाठ. कुठल्या हापशाला पाणी गोड, कुठला दहा वेळा मारावा लागतो, कुठल्या बाई भांडतात! गाडीत कायम तीन कॅन. पॅसेंजर बसण्याआधी कॅन बसायचे.

एकदा नाशिकहून दोन म्हाताऱ्या बहिणी घेऊन हे परत येत होते. धुळं अगदी हाकेवर आलेलं, आणि लळिंगच्या घाटात काटा लाल झाला. बॉनेट उघडलं तर वाफेचा ढग! तिन्ही कॅन मालेगावच्या अलीकडे-पलीकडेच संपलेले. आसपास झाड नाही, घर नाही.

मोठ्या बहिणीच्या मांडीवर लाख लावून बंद केलेला तांब्याचा गडू होता. रामकुंडाचं तीर्थ. सुनेच्या नव्या घरात शिंपडायला नेत होत्या. त्या गडू पुढे करत म्हणाल्या, "घे बाबा. घरी पोचलो तर शिंपडणार ना! अर्धं तुझ्या गाडीला, अर्धं आमच्या सुनेला."

आमचे हे म्हणजे देवधर्मात अगदी कोरडे. नमस्कारसुद्धा चालता चालता करायचे. पण इंजिन जरा निवाल्यावर त्यांनी गडू हातात घेतला आणि आधी पायातल्या चपला काढून बाजूला ठेवल्या! भर दुपारी, मे महिन्यात, डांबरी रस्त्यावर! एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत त्यांनी ते तीर्थ रेडिएटरमध्ये ओतलं. गाडी घरी पोचली. यांच्या तळपायांना आठ दिवस मी लोणी लावत होते.

पण खरी अडचण झाली वामनची. रेडिएटरचं पाणी बदलायची वेळ आली की बादली हातात धरून तो अंगणात गोल गोल फिरायचा.

"वहिनी, हे कुठं टाकू? यात तीर्थ आहे."

"तुळशीला घाल."

"यात गंज आहे, ऑइल आहे. तुळस मरेल."

"मग गटारीत?"

"तीर्थ? गटारीत?" वामन माझ्याकडे असा बघायचा की पोथ्या मी नव्हे, तोच वाचतो!

शेवटी ते निंबाच्या मुळाशी जायचं. निंब अजून उभा आहे, चांगला डेरेदार.

* * *

हिवाळ्यात वेगळीच तऱ्हा. डिझेल इंजिन थंडीत असं लगेच उठत नाही. त्याच्या पोटात हीटर प्लग असतात. किल्ली अर्धी फिरवायची, ते प्लग आत तापू द्यायचे आणि मगच सेल्फ मारायचा. आमच्या यांना धीर अजिबात नाही. किल्ली फिरवली की लगेच सेल्फ! इंजिन नुसतं घरघरायचं, बॅटरी बसायची, आणि पहाटेच्या भाड्याला अख्खी गल्ली गाडी ढकलायला बाहेर. शेजारचे काका मफलर गुंडाळून, हातात दात घासायचा ब्रश तसाच धरून ढकलायचे!

वामन सांगून दमला. "दिगूभाऊ, वीस मोजा हो! नुसते वीस!"

हे पाचला वीस म्हणायचे.

मग मी उपाय सांगितला. म्हटलं, "मोजू नका. किल्ली अर्धी फिरवून 'श्रीराम जय राम जय जय राम' अकरा वेळा म्हणा, सावकाश. आणि मगच सेल्फ मारा."

यांनी तोंड वाकडं केलं. पण थंडी फार होती आणि शेजारचे काका बोलायला लागले होते. दुसऱ्या दिवशी हे किल्ली अर्धी फिरवून, डोळे मिटून अकरा वेळा म्हणाले. किल्ली फिरवली. पहिल्या झटक्यात चालू!

झालं, सवय लागली. थंडी संपली तरी राहिली. मागच्या सीटवर बसलेल्या लोकांना हीटर प्लगचं काय माहीत? त्यांना दिसायचं ते एवढंच, की हा ड्रायव्हर नामस्मरण केल्याशिवाय गाडी हलवत नाही. गावभर झालं, "देवपुरातले दिगूभाऊ फार भाविक माणूस!" शेगावला जायचं, पद्मालयाच्या गणपतीला जायचं, लोक यांनाच बोलवायचे. एका भजनी मंडळाने तर यांचा नारळ देऊन सत्कार केला.

नारळ घेऊन हे घरी आले आणि मला म्हणाले, "हा त्या हीटर प्लगला वाढव."

* * *

आता जरा जीव घाबरा करणारी गोष्ट.

तिसऱ्या वर्षी एका सकाळी वामनने ऑइलची दांडी बाहेर काढली, फडक्याने पुसली, परत घातली, परत काढली. काळंभोर असायला हवं ते ऑइल दुधाच्या चहासारखं झालं होतं.

"वहिनी, याच्या ऑइलचं ताक झालं," तो म्हणाला, पण हसला नाही. हेड आणि ब्लॉक यांच्यामध्ये पत्र्यासारखं एक गॅस्केट असतं, पाणी आणि ऑइल वेगळं ठेवणारं. ते फुटलं होतं. तापून तापून हेडही वाकलं होतं. हेड जळगावला लेथवर सपाट करून मिळालं, पण गॅस्केट? धुळ्यात नाही, जळगावात नाही, मुंबईला निरोप पाठवला तर तिकडून उत्तर, "या इंजिनाचं नाही, आलं तर कळवू."

पंधरा दिवस गाडी निंबाखाली. त्यातच ट्रकमालकाचा माणूस येऊन गेला. "दिगंबर, कलकत्त्याची गाडी उभी आहे. सोमवारी निघायचं असेल तर सांग."

दुपारी बघते तर निळी पेटी माळ्यावरून खाली आली होती. आत दोन शर्ट, एक टॉवेल, दाढीचं सामान. दाराशेजारी ठेवलेली.

मी तिथूनच सोळा सोमवार धरले. बायका नवऱ्यासाठी धरतात, मुलांसाठी धरतात. देवळातल्या बायकांनी विचारलं, "कशासाठी गं?" मी म्हटलं, "गॅस्केटसाठी." त्यांना वाटलं, माझं काही पोटाचं दुखणं आहे. एकीने तर हिंगाष्टक चूर्ण आणून दिलं!

त्याच संध्याकाळी वामन ओट्यावर बसून म्हणाला, "तांब्याचा चांगला सपाट पत्रा असता ना, तर मी हाताने कापला असता. जुने मिस्त्री करायचे."

घरात तांबं म्हणजे अक्कांचं घंगाळ. लग्नात माहेरहून आलेलं, बसक्या पोटाचं, बूड घासून घासून पातळ झालेलं. अक्का आठवडाभर भडगावला लेकीकडे गेल्या होत्या. मी हात जोडले, देवाची माफी मागितली आणि घंगाळ वामनपुढे ठेवलं.

चार दिवस तो कापत होता. पत्रा ठोकून सरळ केला, विस्तवात तापवून मऊ केला, फुटलेलं गॅस्केट वर ठेवून एकेक भोक छिन्नीने पाडलं, कानशीने घासलं. हेड बसवलं. रविवारी दुपारी यांनी किल्ली अर्धी फिरवून डोळे मिटले, अकरा वेळा म्हणाले, सेल्फ मारला.

चाललं! वामनने दांडी काढली, बोटाला लावून बघितलं आणि ते काळं बोट नाचवत ओरडला, "ताक नाही! ताक नाही!"

सोमवारी ट्रक यांच्याशिवाय गेला. पेटी मात्र दाराशेजारीच राहिली. "राहू दे," हे म्हणाले, "त्याचा काय भरवसा." रोज झाडताना ती पेटी सरकवायची, खालचं झाडायचं आणि परत जागेवर ठेवायची. असे माझे सोळा सोमवार झाले.

आणि अक्का भडगावहून आल्या. दुसऱ्या दिवशी अंघोळीच्या वेळी हाक आली, "मन्हं घंगाळ कोठे शे?"

मी तुळशीला पाणी घालायला लागले. हे फडकं घेऊन गाडी पुसायला लागले. वामनने हळूच बॉनेटकडे बोट दाखवलं. "त्याच्या पोटात आहे, अक्का."

अक्का अंगणात आल्या. इंजिन चालू होतं, रेडिएटरच्या तोंडातून जराशी वाफ येत होती. त्यांनी एकदा वाफेकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"मंग आते अंघोळनं गरम पानी बी त्यालेच मांगा!"

* * *

अमावस्येला आम्ही गाडी बाहेर काढत नव्हतो. हा माझा हट्ट. वामन चिडवायचा, "वहिनी, जपानात अमावस्या नसते का? तिकडं काय इंजिनं उपास करतात?"

मी म्हणायचे, "तिकडचं मला माहीत नाही. आता तो आमच्याकडे आहे."

एका अमावस्येला गाडी उभीच आहे म्हणून वामनने सहज पुढचं झाकण उघडलं. आत तो रबरी पट्टा, टायमिंग बेल्ट. वामनने मला आधीच समजावलं होतं, "बाकी काही बिघडलं तर इंजिन कुरकुर करतं, सांगतं. हा पट्टा सांगत नाही. तुटला की वरचे व्हॉल्व्ह आणि खालचे पिस्टन एकमेकांवर आदळतात. मग दुरुस्ती नाही, नुसतं भंगार."

पट्ट्याचे तीन दात गेले होते. चौथा लोंबत होता. दुसऱ्या दिवशी पहाटे यांना पाचोऱ्याचं लग्नाचं भाडं होतं, गाडीभर माणसं.

वामनने पट्टा काढून हातात घेतला. मग टोपी सारखी केली आणि म्हणाला,

"वहिनी, माझा या गोष्टींवर विश्वास नाही. पण पुढच्या अमावस्येला मी सकाळी आठला येतो."

आणि मरेपर्यंत आला!

* * *

अक्का गाडीत कधी बसल्या नव्हत्या. देवळात जायचं तरी चालत. पण सोळा सोमवारांचं उद्यापन झालं आणि मी बोललेला नवस फेडायचा होता. सप्तशृंगीच्या गडावर, याच गाडीने. गडावरची देवी म्हणजे आमचं कुलदैवत, अक्का मागे कशा राहणार?

निघताना म्हणाल्या, "गड चढना, ते मी मानसू."

गडाचा चढ म्हणजे तापट इंजिनाची परीक्षाच. अक्का पुढच्या सीटवर, यांच्या शेजारी. यांनी त्यांना दाखवून ठेवलं होतं, की हा काटा लालवर गेला की इंजिन तापलं. पायथ्याचं नांदुरी सोडलं, चढ लागला. मी मागे जपमाळ धरून, मुलं खिडकीत.

पहिल्या वळणालाच अक्का ओरडल्या, "थांबाव!"

यांनी ब्रेक मारला. "काय झालं?"

"त्याले दम लागना शे."

काटा बघितला तर मधोमध. तरी थांबलो. दहा मिनिटांनी निघालो. पुढच्या वळणाला परत, "थांबाव!" असं सहा वेळा! मागच्या जीपवाले हॉर्न वाजवून वाजवून पुढे गेले. शेवटी हे वैतागले. "अक्का, काटा बघ ना! काटा खाली आहे!"

"काटाले काय समजस?" अक्का म्हणाल्या. "तो काय मानूस शे सांगाले? ऐक, कसा धापा टाकी राहिना."

आम्ही गडावर पोचलो. कॅनमधलं पाणी एक थेंबसुद्धा लागलं नाही. देवीचं दर्शन झालं, मी खण-नारळ दिला. परत आल्यावर अक्का गाडीत बसायच्या आधी जरा पुढे गेल्या आणि बॉनेटवर हात ठेवून उभ्या राहिल्या. मूल तापलंय का बघतात ना, तसा. उलटा हात. मी बघतेय हे कळल्यावर म्हणाल्या, "धूळ शे बठ्ठी," आणि पदराने पुसल्यासारखं केलं.

घरी आल्यावर आमच्या यांनी दाराशेजारची निळी पेटी उघडली. शर्ट, टॉवेल, दाढीचं सामान काढून फळीवर ठेवलं. आणि वामनला हाक मारली, "वामन, तुझे पाने फार पसरलेत अंगणात. घे, ही पेटी."

मी आत जाऊन देवापुढे दिवा लावला. दुसरं काय करणार!

* * *

आता शेवटचा.

श्रावणातली कानबाई देवी म्हणजे आम्हा खानदेशातल्या बायकांचा जीव की प्राण. रविवारी बसवायची, सोमवारी सकाळी वाजतगाजत पांझरा नदीवर विसर्जनाला न्यायची. तिच्या नैवेद्याला रोट, म्हणजे गव्हाच्या जाड पोळ्या, असतात, आणि त्या रोटांचा गहू मोजायची एक रीत आहे. घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ. तो रोट घरच्यांनी आणि भाऊबंदांनीच खायचा. परक्याला द्यायचा नाही, उरवायचा नाही, टाकायचा तर नाहीच.

हे ट्रकवर असायचे ती नऊ वर्षं अक्का यांच्या नावाची सव्वा मूठ मोजायच्या, आणि यांच्या वाटणीचा रोट स्वतः खायच्या. एकट्या, चुलीकडे तोंड करून. भरपूर असायचा तो. त्यांना दात नव्हते. तरी पुरा संपवायच्या.

वामन मिस्त्रीचं दर वर्षीचं एक गाऱ्हाणं ठरलेलं. "अक्का, इंजिन मी बसवलं, पट्टा मी बदलला, घंगाळ मी कापलं. रोटाचा वास येतो, रोट काही येत नाही!" अक्का त्याला पोटभर पुरणपोळी वाढायच्या, खीर वाढायच्या, पण रोट? "तू भाऊबंद शे का?" संपला विषय.

गड झाल्यानंतरची कानबाई. अक्का सूप पुढे घेऊन बसल्या, मी शेजारी. हे अंगणात गाडी धूत होते. अक्कांनी पहिली मूठ भरली, "दिगूनी." दुसरी थोरल्याची, तिसरी धाकट्याची. प्रत्येकीवर वरची चिमूट. मी सूप उचलायला हात पुढे केला, तर अक्कांचा हात परत गव्हात. चौथी मूठ. तिच्यावरही चिमूट.

मला वाटलं, वय झालं, मोजण्यात चूक झाली. म्हटलं, "अक्का, तीन झाल्या की."

"मले मोजता येस," अक्का म्हणाल्या.

सोमवारी सकाळी कानबाई पांझरेवर पोचवून आम्ही परत आलो. डोक्यावर ऊन, अंगभर गुलाल. दुपारी यांना जळगावचं भाडं होतं, म्हणून वामन पाणी-ऑइल बघायला आलेला. निंबाखाली गाडी. त्याने बॉनेट वर केलं आणि तसाच उभा राहिला.

"वहिनी! जरा इकडं या!"

मी गेले. हेही आले. इंजिनाच्या डोक्यावर, वरच्या झाकणाच्या अगदी मधोमध, केळीच्या पानाचा तुकडा होता. पानावर अख्खा रोट, त्यावर तुपाची धार, बाजूला चमचाभर खीर.

वामनने टोपी काढली, डोकं खाजवलं, परत घातली. मग घराकडे तोंड करून जीव तोडून ओरडला, "अक्का! बारा गावचा मिस्त्री मी! मला आजवर एक कण नाही दिला, आणि याला अख्खा?"

अक्का ओसरीवर पाय लांब करून बसल्या होत्या. त्यांनी मानसुद्धा वळवली नाही.

"झाकन लाई दे, वामन. जेऊ दे त्याले."